गादी ‘तात्पुरती’, झोप रोजची

वाचण्याआधी: तुमच्या घरातली गादी किती वर्षांची आहे? अंदाज करा. मग आई-बाबांना विचारा आणि दोन्ही उत्तरं वहीत लिहा.

तुम्ही हा प्रश्न विचारला, की बहुतेक घरांत उत्तर लगेच येणार नाही. आई बाबांकडे बघेल. बाबा म्हणतील, “ते नाही का, साल्मियातले, इंडियाला परत गेले ते? त्यांच्याकडून घेतली.” मग ते कुटुंब नेमकं कधी गेलं, यावर दहा मिनिटं चर्चा होईल. शेवटी कळेल, की तेव्हा तुम्ही बालवाडीत होता, किंवा तुमचा जन्मही झाला नव्हता.

कुवेतमधल्या मराठी घरांबद्दल माझी एक तक्रार आहे. आपण टीव्ही घेताना चार दुकानं फिरतो. फोन घेताना आठवडाभर माहिती वाचतो. सोफ्याचा रंग पडद्यांना जुळतो का, तेही बघतो. आणि ज्या वस्तूवर रोज आठ तास घालवायचे, ती गादी मात्र ‘मिळाली म्हणून’ घेतो. माझं मत असं आहे, की हे बदलायला हवं. महाग गादी घ्या, असं मी म्हणत नाही. विचार करून घ्या, एवढंच म्हणतो.

“दोनच वर्षं तर राहायचंय!”

आपले आई-बाबा असं का करतात? ते कंजूष आहेत म्हणून नाही. कुवेतला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस मनात एकच वाक्य घेऊन येतो: “दोन वर्षं काम करू, थोडे पैसे साठवू आणि परत जाऊ.” इथे राहण्याचा परवाना, म्हणजे इकामा, पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावा लागतो. नोकरी गेली तर इकामाचंही काही खरं नाही. मग कोण म्हणेल, की चला, पंधरा वर्षं टिकेल अशी गादी घेऊ?

यामागे एक मोठी आठवणही आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला. इथे राहणाऱ्या भारतीयांना घरं, नोकऱ्या, गाड्या सोडून जावं लागलं. वाळवंटातून जॉर्डनपर्यंत प्रवास करायचा आणि तिथून विमानाने मुंबई गाठायची, असा बहुतेकांचा मार्ग होता. सुमारे १,७०,००० भारतीय असे परत आले. घरातल्या वस्तू इथेच राहिल्या. ज्यांनी हे पाहिलं किंवा आपल्या मोठ्यांकडून ऐकलं, त्यांना इथल्या घरात जड सामान जमवायला नको वाटतं. हे मला समजतं. तुम्हीही समजून घ्या.

पण दोन वर्षांची चार होतात, चाराची दहा होतात. मुलं शाळेत जातात, दहावीपर्यंत पोहोचतात. गादी तीच! आता साधा हिशोब करा. रोज आठ तास झोप म्हणजे दिवसाचा तिसरा भाग. पंधरा वर्षांचा तिसरा भाग म्हणजे पाच वर्षं. म्हणजे ‘तात्पुरत्या’ गादीवर आपण पूर्ण पाच वर्षं पडून काढली. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना तर रोज आठ ते दहा तास झोप हवी, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास हवी. म्हणजे घरात गादीचा सगळ्यात जास्त वापर तुम्ही करता, आणि ती निवडताना तुम्हाला कोणी विचारत नाही.

भुकेला कोंडा, निजेला धोंडा

आता आजी-आजोबा एक म्हण सांगतील: “भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा.” कोंडा म्हणजे धान्याचं साल. धोंडा म्हणजे दगड. खरी भूक लागली की कोंडाही गोड लागतो, आणि खरी झोप आली की दगडावरही झोप लागते. थोडक्यात, गादीचे लाड कशाला?

म्हण खोटी नाही. दिवसभर शेतात राबलेला माणूस सतरंजीवरही गाढ झोपतो. पण म्हण फक्त झोप लागण्याबद्दल बोलते. सकाळी उठल्यावर काय होतं, ते ती सांगत नाही. धोंड्यावर झोपलेल्या माणसाच्या पाठीला सकाळी धोंडा आठवतोच! शिवाय आपण काही शेतात राबत नाही. आपण वर्गात बसतो, गाडीत बसतो, ऑफिसमध्ये बसतो. अंग दमत नाही, डोकं दमतं. अशा वेळी अंथरूण टोचलं, तापलं किंवा खचलं, तर आपण रात्रभर कूस बदलत राहतो.

आपल्या घरची गादी खराब झाली आहे का, हे ओळखायला दोन सोप्या खुणा आहेत. एक: सकाळी उठताना पाठ किंवा मान दुखते, पण तासाभरात आपोआप बरी होते. दोन: सुट्टीत आजीकडे किंवा हॉटेलात गेलं, की अचानक छान झोप लागते. दोन्ही खुणा जुळल्या, तर आधी गादीकडे बघा. मध्ये खड्डा पडला असेल, तर फळी घालून किंवा वर आणखी एक चादर घालून तो भरत नाही.

कडक की मऊ?

आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, “पाठीला कडक गादीच चांगली.” दुसरा पक्ष दुकानात जातो, गादीवर हात दाबतो आणि म्हणतो, “वा, काय मऊ आहे!” माझ्या मते दोघंही चुकतात.

स्पेनमधल्या डॉक्टरांनी बरेच दिवस कंबर दुखणाऱ्या ३१३ लोकांवर एक प्रयोग केला. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. कोणाला कुठली मिळाली, हे त्यांना सांगितलं नाही. नव्वद दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं दिसलं. हा अभ्यास २००३ साली ‘द लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. म्हणजे ‘जितकी कडक तितकी चांगली’ हे खरं नाही.

कारण समजायला सोपं आहे. आपलं अंग फळीसारखं सपाट नसतं. खांदे आणि कंबरेचा खालचा भाग बाहेर असतो, कंबर थोडी आत असते. गादी फार कडक असेल तर खांदे टोचतात आणि कंबर अधांतरी राहते. फार मऊ असेल तर मधला भाग खाली जातो आणि पाठीची कमान होते. म्हणून गादी हाताने नाही, अंगाने तपासायची. दुकानात बूट काढा आणि रोज जसे झोपता तसे दहा मिनिटं झोपा. लाजू नका! मग उताणे होऊन कंबरेखाली हात घाला. हात आरपार सहज गेला तर गादी जास्त कडक. हात घालायलाच जागा नसेल आणि अंग रुतलं असेल तर जास्त मऊ. हात थोडा अडत गेला, तर ती तुमची गादी.

दुकानदार काय काय सांगेल, तेही ऐकून ठेवा. कुवेतमध्ये ‘मेडिकल’ असं लिहिलेल्या गाद्या मिळतात. त्यात बऱ्याचदा फोमचे छोटे तुकडे दाबून, चिकटवून केलेला कडक थर असतो. तो वाईट असतो असं नाही, पण ‘मेडिकल’ लिहिलं म्हणजे डॉक्टरांनी तपासून दिली, असा अर्थ होत नाही. फोमची गादी घेताना घनता विचारा. घनता म्हणजे एका घनमीटरमध्ये किती किलो फोम आहे, तो आकडा. घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमी घनतेचा फोम आज कडक लागेल, पण लवकर बसेल. दुकानदाराला आकडा माहीत नसेल, तर पुढच्या दुकानात जा.

उशीचंही तसंच. कुशीवर झोपणाऱ्याला जरा जाड उशी लागते, कारण खांदा आणि कान यांच्यामध्ये अंतर असतं. पोटावर झोपणाऱ्याला पातळ उशी पुरते. घरात सगळ्यांना एकाच मापाच्या उश्या घेणं म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचे बूट घेण्यासारखं आहे.

आणि घरात तान्हं बाळ असेल तर नियम वेगळा. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आजीचा त्यात जीव असतो. पण आता डॉक्टर सांगतात, की पहिलं वर्षभर बाळाला उताणं झोपवावं, गादी सपाट आणि घट्ट असावी, आणि जवळ उशी, मऊ पांघरूण, खेळणी काहीही नसावं. त्याने बाळाचा श्वास कोंडू शकतो. इथे आजीचा मान ठेवून डॉक्टरांचं ऐका.

बाहेर पन्नास, आत अठरा

कुवेतमध्ये गादी निवडताना हवामान विसरून चालणार नाही. २१ जुलै २०१६ रोजी इथल्या मित्रिबाह या ठिकाणी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. जगातल्या सगळ्यात जास्त तापमानांपैकी ते एक आहे. एसी येण्याआधी इथली कुवेती कुटुंबं उन्हाळ्यात घराच्या गच्चीवर झोपत. आपल्याकडे विदर्भातही लोक उन्हाळ्यात अंगणात खाट टाकून झोपत. दोन्हीकडे युक्ती एकच: वारा लागू द्या.

झोप लागताना आपल्या अंगाचं आतलं तापमान थोडं खाली येतं. अंगातली उष्णता बाहेर जायला जागा हवी. कापूस घाम शोषतो आणि हवा खेळू देतो. जाड फोम तेवढी हवा खेळू देत नाही. मेमरी फोम तर अंगाच्या उबेने मऊ होतो आणि अंगाला चिकटून बसतो. हा फोम १९६६ मध्ये नासासाठी तयार झाला, तो विमानातल्या सीटसाठी! सीटवर बसायला तो उत्तम. कुवेतच्या ऑगस्टमध्ये, ज्याला घाम जास्त येतो त्याने मात्र तो घेताना दोनदा विचार करावा.

आता आपण काय करतो बघा. गरम होणारी गादी घेतो. तिच्यावर पॉलिस्टरची चकचकीत चादर घालतो. मग घाम येतो म्हणून एसी अठरावर लावतो. मग थंडी वाजते म्हणून जाड ब्लँकेट ओढतो. रात्रभर एसी आणि ब्लँकेट यांची कुस्ती चालते आणि पंच आपण! त्यापेक्षा सुती चादर, हलकं पांघरूण आणि एसी जरा वर, हे बरं नाही का? चादर घेताना पाकिटावरचे ‘८००’, ‘१०००’ असे धाग्यांचे आकडे बघून भुलू नका. दोनशे ते चारशेची शुद्ध सुती चादर उत्तम झोप देते. फार घट्ट विणलेल्या कापडातून हवा कमी जाते.

इथे तोज, म्हणजे धुळीचं वादळ, येतं तेव्हा बंद खिडकीतूनही बारीक धूळ आत शिरते. म्हणून चादरी आणि अभ्रे आठवड्याला धुवा. घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवा, म्हणजे अंथरुणातले डोळ्यांना न दिसणारे किडे मरतात. गादीला धुता येईल असं कव्हर घाला.

गंमत म्हणजे, इंग्रजीतला ‘मॅट्रेस’ हा शब्द अरबीतल्या ‘मतरह’ या शब्दावरून आला. जिथे काही टाकतात किंवा अंथरतात, ती जागा म्हणजे मतरह. ‘कॉटन’ हा शब्दही अरबीतल्या ‘कुत्न’वरून आला. आपली ‘चादर’ फारसीतून आली. म्हणजे तुम्ही कुवेतमध्ये ज्या अंथरुणावर झोपता, त्यात तीन-चार भाषा आधीच झोपलेल्या आहेत!

गोधडी आणि गल्फचं ब्लँकेट

कुवेत आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये पांघरुणांची देवाणघेवाण वर्षानुवर्षं चालू आहे. कोकणातल्या कितीतरी घरांत कपाटावर एक जाड, लोकरीसारखं दिसणारं ब्लँकेट असतं. त्यावर मोठा वाघ किंवा मोठे गुलाब असतात. ते गल्फमधून कोणीतरी दोरीने बांधून आणलेलं असतं. रत्नागिरीच्या दमट हवेत ते वर्षातून किती रात्री लागतं, हे विचारू नका. ते अंगावर घेण्यासाठी नसतंच. ‘आमचा मुलगा गल्फला आहे’ हे सांगण्यासाठी असतं.

आणि महाराष्ट्रातून इकडे काय येतं? गोधडी. जुन्या साड्या, धोतरं, चादरी यांचे थर एकावर एक ठेवून हाताने टाके घालून केलेलं पांघरूण. कोल्हापूर-सांगलीकडे तिला वाकळ म्हणतात. सुट्टीहून परत येताना आई ती बॅगेत घालते. वजन जास्त झालं तर बिस्किटं काढते, गोधडी काढत नाही.

खरं सांगायचं तर एसीच्या खोलीसाठी गोधडीसारखं पांघरूण नाही. ती सुती आहे, हवा खेळती ठेवते, धुता येते, ऊबही देते. तुमच्यापैकी काहींना ती ‘जुनाट’ वाटते, मित्र आले की लपवावीशी वाटते. लपवू नका. जुन्या कपड्यांचा पुन्हा वापर करा, असं आज शाळेत शिकवतात. तुमच्या आजीला ते शाळेत न जाताही येत होतं.

गादीबद्दलही जुन्या पद्धतीतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पूर्वी कापसाची गादी दबली की पिंजाऱ्याला बोलावत. तो गादी उसवायचा, कापूस पिंजून फुलवायचा, आणि गादी पुन्हा शिवून द्यायचा. मधल्या काळात गादीला ऊन दाखवत. म्हणजे गादी ही एकदा घेऊन विसरायची वस्तू नव्हती. फोमची गादी पिंजता येत नाही, पण दर दोन-तीन महिन्यांनी फिरवता येते. डोक्याकडची बाजू पायाकडे करा. एकाच जागी खड्डा पडणार नाही.

जुनी गादी कोणाला देता?

आता थोडा अवघड भाग. समजा, आई-बाबांनी नवीन गादी घेतली. मग जुनीचं काय? बहुतेक वेळा बाबा म्हणतात, “खाली हारिसला देऊन टाकू.” हारिस म्हणजे आपल्या इमारतीचा रखवालदार. कधी ती गाड्या धुणाऱ्या काकांना दिली जाते. देणं चांगलंच आहे. पण एक प्रश्न स्वतःला विचारा. जी गादी माझ्या पाठीला दुखते म्हणून मी काढली, ती दिवसभर उन्हात उभं राहणाऱ्या माणसाच्या पाठीला कशी चालेल?

कुवेतमध्ये एक शब्द सगळ्यांना माहीत असतो: ‘बेडस्पेस’. घर नाही, खोलीही नाही, फक्त एक पलंग भाड्याने घ्यायचा. एका खोलीत चार, सहा किंवा त्याहून जास्त माणसं, खाली-वर लोखंडी पलंग, वर पातळ फोम. जलीब, महबूला, मंगाफ अशा भागांत हजारो माणसं अशी झोपतात. त्यांच्यात मराठी माणसंही आहेत. उन्हाळ्यात, जून ते ऑगस्ट, सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करायला सरकारने बंदी केली आहे. ती चांगली गोष्ट आहे. पण माणसाला दुपारच्या सावलीइतकीच रात्रीची झोपही लागते.

१२ जून २०२४ च्या पहाटे मंगाफमधल्या कामगारांच्या एका इमारतीला आग लागली. बरेच जण झोपेत होते. सुमारे पन्नास जण गेले, त्यांतले बहुतेक भारतीय होते. तुमच्यापैकी काहींनी त्या दिवशी घरात मोठ्यांना गप्प बसलेलं पाहिलं असेल. झोपण्याची जागा सुरक्षित असणं, बाहेर पडायला वाट असणं, हीदेखील ‘चांगल्या झोपेची’ गोष्ट आहे. मऊ आणि कडक यांच्याही आधीची. आपल्या घरातही हे लक्षात ठेवा. फोम लवकर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. फोन चार्जिंगला लावून उशीखाली ठेवू नका.

म्हणून माझं म्हणणं असं: गादी द्यायची असेल तर ती चांगली असतानाच द्या. खड्डा पडलेली किंवा ढेकूण झालेली गादी ‘दान’ म्हणून देऊ नका, ती टाकून द्या. आणि जमलं तर, जुन्या गादीऐवजी एक नवी सुती चादर आणि एक नवी उशी द्या. त्याला फार दिनार लागत नाहीत.

मग आपण काय करायचं?

“अंथरूण पाहून पाय पसरावे” ही म्हण तुम्हाला माहीत असेल. जेवढे पैसे आहेत तेवढाच खर्च करा, असा तिचा अर्थ. मला ती मान्य आहे. म्हणून मी सांगतो, की सगळ्यात महाग गादी घेऊ नका. नवी गादी परवडत नसेल तर आधी उशी बदला, सुती चादर घ्या, एसी दोन अंश वर करा. एवढ्यानेही फरक पडतो. पण म्हणीत ‘पाहून’ हा शब्द आहे, तो विसरू नका. अंथरूण आधी पाहायला हवं!

तर या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आई-बाबांना मदतीला घ्या आणि घरातल्या सगळ्या गाद्या भिंतीला उभ्या करा. खालून बघा, वरून बघा. कुठे खड्डा, कुठे डाग, कुठे फाटलंय, ते लिहून काढा. आणि आई-बाबांच्या गादीपासून सुरुवात करा. मुलांना नवी गादी घेऊन स्वतः जुनीवर झोपणारे आई-बाबा कुवेतमध्ये खूप आहेत.

शब्द समजून घेऊ

अंथरूण: झोपण्यासाठी खाली घालतो ते
पांघरूण: झोपताना अंगावर घेतो ते
कूस बदलणे: झोपेत एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर वळणे
उताणे: पाठ खाली आणि पोट वर करून
अधांतरी: कशाचाही आधार नसलेले
अभ्रा: उशीचं कापडी कव्हर
पिंजणे: कापूस मोकळा करून फुलवणे

विचार करा आणि बोला

१. आई-बाबांची पिढी कुवेतमधल्या घराला ‘तात्पुरतं’ का मानते? लेखातली दोन कारणं सांगा. तुमच्या घरी तिसरं कारण आहे का?
२. “भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा” ही म्हण लेखकाला पूर्ण पटते का? तुम्हाला पटते का?
३. जुनी वस्तू दुसऱ्याला देताना कोणता नियम असावा, असं तुम्हाला वाटतं? पाच वाक्यं लिहा.
४. तुमच्या घरी गोधडी असेल तर ती कोणी शिवली, त्यात कोणाचे कपडे आहेत, हे आजीला फोन करून विचारा आणि वर्गात सांगा.